लॅपटॉपखालची वही

मी एक जुनी वही आहे. लांबट, जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी कोपऱ्यांची, एकूण दोनशे पानांची. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला लागल्या की शेवटी हात जोडतात आणि डोळ्यांत पाणी आणतात, हे मला माहीत आहे. मी तसं काही करणार नाही. मी दोन वर्षं एका लॅपटॉपचं ओझं पाठीवर वाहिलं आहे, त्यामुळे माझ्या अंगात मऊपणा फारसा उरलेला नाही.

माझा जन्म वह्या बांधण्याच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने माझी शिलाई इतकी घट्ट ओढली की आजही माझं एक पान सुटलेलं नाही. मग मी एका स्टेशनरीच्या दुकानात उभी होते आणि एके दिवशी एका बाईंनी मला उचललं. त्यांनी आधी मला उघडून बघितलं, मग शिलाई ओढून बघितली, मग दुकानदाराला विचारलं, "शाई पलीकडे फुटत नाही ना?" तो म्हणाला, "नाही हो." तरी त्यांनी शेवटच्या पानावर पेनाने एक रेघ मारूनच बघितली. त्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होत्या. बाकीच्यांनी बनवलेल्या कामात चुका शोधायच्या, हीच त्यांची नोकरी. ऑफिसात सगळे त्यांना शंकाबाई म्हणत, आणि त्या ते नाव कौतुकासारखं मिरवत.

मला घेण्याचं कारण त्या ऑफिसातल्या कपाटात पडलं होतं. तिथे माझ्या चुलत्यासारखा एक ग्रंथ होता, चारशे पानांचा. काम सुरू होण्याआधीच तो लिहिला गेला होता, त्यावर नऊ जणांच्या सह्या होत्या आणि त्या नवांपैकी एकानेही तो वाचलेला नव्हता. काम पूर्ण होईपर्यंत त्यातली निम्मी पानं खोटी ठरली. मी त्या चुलत्याची बाजू घेणार नाही. खोटं बोलणारा कागद कोऱ्या कागदापेक्षा वाईट असतो.

मग कंपनीने कामाची पद्धत बदलली. नव्या पद्धतीला अ‍ॅजाइल म्हणायचे. दोन आठवड्यांत थोडंसं काम करायचं, ते वापरणाऱ्याला दाखवायचं, तो नाक मुरडेल तिथे सुधारायचं आणि पुढे जायचं. मला ही पद्धत मनापासून पटली होती आणि आजही पटते. पण माणसांची एक खोड असते. 'जेवणापेक्षा तब्येत महत्त्वाची' असं कुणी म्हटलं की ती जेवणच सोडून देतात. 'जाडजूड कागदांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर महत्त्वाचं' एवढंच त्या पद्धतीने सांगितलं होतं. आमच्या टीमने त्याचा अर्थ लावला, की लिहायचंच नाही.

शंकाबाईंना ते पटलं नाही. त्यांनी माझ्या पहिल्या पानावर नियम लिहिला. प्रत्येक मोठ्या निर्णयाला तीनच ओळी द्यायच्या: काय ठरलं, का ठरलं आणि ते केव्हा बदलायचं. खाली तारीख आणि सही. चौथी ओळ लिहिणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा.

आमची टीम एका इस्पितळाच्या रक्तपेढीसाठी काम करत होती. तिथे रक्ताच्या पिशव्या ठेवायचे पाच फ्रिज होते. प्रत्येकात एक सेन्सर, म्हणजे तापमान मोजणारा डोळा. तो दर मिनिटाला आकडा पाठवायचा आणि आमचं सॉफ्टवेअर तो स्क्रीनवर दाखवायचं. तापमान सहा अंशांच्या वर गेलं की भोंगा वाजला पाहिजे, कारण त्यापुढे रक्त टिकत नाही.

हे काम करताना शंकाबाई इस्पितळात जाऊन बसत. मला पिशवीत घालून नेत. तिथे रक्तपेढी सांभाळणाऱ्या एक ताई होत्या. कमी बोलणाऱ्या आणि कामाला वाघ. त्या एकदा म्हणाल्या, "बाई, तुमचा तीन नंबरचा फ्रिज खोटं बोलतो. स्क्रीनवर चार दाखवतो, पण पिशवी हाताला तेवढी गार लागत नाही."

दुसऱ्या कुणी हे हसण्यावारी नेलं असतं. शंकाबाईंनी त्या फ्रिजमध्ये वेगळा थर्मामीटर ठेवला आणि दोघींनी मिळून तीन दिवस आकडे टिपले. ताईंचा हात खरा ठरला. मग माझ्या अठ्ठेचाळिसाव्या पानावर निळ्या शाईत हे उमटलं:

'काय: तीन नंबरच्या फ्रिजचा आकडा दोन अंशांनी वाढवून धरायचा. का: त्याचा सेन्सर मागच्या भिंतीवर, गार हवेच्या तोंडाशी बसवला आहे. पिशव्यांजवळ असतं त्यापेक्षा तो दोन अंश कमी दाखवतो. केव्हा बदलायचं: सेन्सर पुढे आणून बसवला की.'

खाली शंकाबाईंची सही आणि शेजारी ताईंची. ताई म्हणाल्या, "माझी कशाला? मला तुमच्यातलं काय कळतं?" शंकाबाई म्हणाल्या, "चूक तुम्ही पकडलीत. सही तुमचीच हवी."

मित्रांनो, त्या दिवसांत माझी ऐट काय वर्णावी! कुणाचं काही अडलं की हाक यायची, "वही बघा रे!" पण नव्याचे नऊ दिवस. शंकाबाईंची बदली दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या कामावर झाली. जाताना त्यांनी मला टीमच्या प्रमुखाच्या हातात दिलं. त्याला सगळे कप्तान म्हणत. "हिला सांभाळा," असं त्या म्हणाल्या. कप्तानाने मला खरोखरच कामाला लावलं. सकाळच्या व्हिडिओ कॉलमध्ये त्याची फक्त हनुवटी दिसायची, म्हणून त्याने मला लॅपटॉपखाली सरकवलं. माझी उंची त्याला अगदी बरोबर बसली.

माझ्या जागी भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या आल्या. दिसायला फार गोड. पण एसीचा झोत लागला की त्यांचा गोंद सुटायचा आणि सफाईच्या मावशी त्या केरात लोटायच्या. अशा तऱ्हेने कितीतरी निर्णय सुपलीतून बाहेर गेले. मी खालून सगळं बघत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

मग टीममध्ये एक नवा प्रोग्रामर आला. हुशार, मेहनती आणि टापटिपीचा इतका वेडा की टेबलावरचा कपसुद्धा तो कडेशी समांतर ठेवायचा. त्याचं नाव पडलं चकाचक. जुन्या कोडमधलं नको ते काढून ते स्वच्छ करायचं काम त्याच्याकडे होतं.

आमच्याकडे रोज सकाळी बैठक व्हायची, तीही उभ्याउभ्या. बसलं की माणसं बोलत राहतात, म्हणून. एका बैठकीत चकाचकने विचारलं, "तीन नंबरच्या फ्रिजमध्ये कुणीतरी दोन मिळवलेत. बाकी चारात नाहीत. हे दोन कुठून आले?"

त्या कामाच्या वेळचं तिथे कप्तानाखेरीज कुणीच उरलेलं नव्हतं, आणि कप्तानाला आठवेना.

"शंकाबाईंना फोन करू का?" चकाचकने विचारलं.

"नको रे बाबा," कप्तान म्हणाला. "एक शंका विचारशील, त्या चार परत देतील. चुकून राहिलं असेल. काढून बघ, टेस्ट पास होतायत का."

टेस्ट, म्हणजे कॉम्प्युटरने आपोआप करायच्या चाचण्या, सगळ्या पास झाल्या. व्हायच्याच होत्या. सेन्सर भिंतीवर कुठे बसवलाय हे त्या टेस्टना कुणी शिकवलंच नव्हतं. हे सगळं बोलणं माझ्यापासून वीतभर अंतरावर चाललं होतं. उत्तर माझ्या पोटात होतं आणि माझ्या पाठीवर लॅपटॉप. त्या दिवसाइतका राग मला आयुष्यात कधी आला नाही. दोनचा तो आकडा गेला आणि चकाचकला शाबासकी मिळाली.

पुढचे तीन महिने काही बिघडलं नाही. मग तीन नंबरच्या फ्रिजच्या दाराचं रबर चिरलं. आत गारवा हळूहळू कमी होत गेला. पिशव्या साडेसात अंशांवर पोचल्या तेव्हा स्क्रीनवर साडेपाच दिसत होते. भोंगा गप्प. शेवटी एका सकाळी ताईंनी पिशवी हातात घेतली, त्या थबकल्या आणि त्यांनी थर्मामीटर लावला. त्यांच्यामुळे ते रक्त कुणाला चढलं नाही. पण अकरा पिशव्या टाकून द्याव्या लागल्या. एकेक पिशवी कुणीतरी आपल्या दंडातून दिलेली होती.

आता दोष कुणाचा? रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टरांनी आमचा स्क्रीन पाहिला. आठवडाभर आकडा सहाच्या आतच होता. त्यांनी सरळ निष्कर्ष काढला, की फ्रिज ठीक आहे, म्हणजे त्या सकाळी ताईंनीच दार उघडं टाकलं असणार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. ताईंची सतरा वर्षांची नोकरी होती. चौकशी लागली, दुपारी चार वाजता, आणि तिथे दोष सिद्ध झाला तर दुसऱ्या दिवसापासून कामावर यायचं नाही, असं त्यांना सांगण्यात आलं.

चौकशीच्या दिवशीच दोन वाजता ताई आमच्या ऑफिसात येऊन उभ्या राहिल्या. हातात छत्री, चेहरा कोरडा. इस्पितळातून थेट चालत आल्या होत्या.

"तुमच्या त्या बाईंनी एका वहीत लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "तीन नंबरच्या फ्रिजचं. माझी सही आहे त्यात."

"कुठली वही?" कप्तान म्हणाला. "आता आम्ही वह्या ठेवत नाही, ताई. सगळं कॉम्प्युटरवर असतं."

"मग कॉम्प्युटरवर दाखवा."

कॉम्प्युटरवर शोधलं. चिठ्ठ्या चाळल्या. कपाट उघडलं, माझ्या चुलत्यावरची धूळ उडाली आणि तिघं शिंकले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! मी ओरडू शकत असते तर छप्पर उडवलं असतं. अर्धा तास गेला. ताई खुर्चीवर टेकल्या आणि त्यांची नजर टेबलावर स्थिरावली.

"ती लाल कोपऱ्यांची," त्या म्हणाल्या. "तीच."

चकाचकने लॅपटॉप उचलला. दोन वर्षांनी माझ्या पाठीला हवा लागली. त्याने एकेक पान उलटलं आणि अठ्ठेचाळिसाव्या पानावर त्याचा हात थांबला. त्याचे कान लाल झाले. त्याने पान दोनदा वाचलं आणि म्हणाला, "कोडमधली दोन मिळवायची ओळ मी काढली."

कप्तानाने त्याला बाजूला घेतलं. बाजू म्हणजे काय, माझ्यापासून दोन पावलं. "हे बघ, घाई नको. आधी वरच्यांशी बोलू. वही आज इथेच राहू दे. उद्या नीट उत्तर तयार करू."

"चौकशी चारला आहे, सर."

"तुझी नोकरीही नवीन आहे, हे विसरू नकोस."

चकाचकने मला मिटलं. मला वाटलं, आता हाही मूग गिळून बसणार आणि मी पुन्हा लॅपटॉपखाली जाणार. पण त्याने मला छातीशी धरलं आणि म्हणाला, "चला ताई. तीन वाजायला आलेत."

चौकशीच्या टेबलावर मला उघडं ठेवलं गेलं. डॉक्टरांनी चष्मा लावून पान वाचलं, सह्या पाहिल्या, तारीख पाहिली. मग चकाचकने आठवडाभराचे आकडे काढले आणि प्रत्येकात दोन मिळवून दाखवले.

"सोमवारपासूनच सहाच्या वर आहे," तो म्हणाला. "हळूहळू चढत गेलंय. दार उघडं राहिलं असतं तर एकदम चढलं असतं. मंगळवारी ताईंची सुट्टी होती, त्या दिवशीही चढलंय. भोंगा सोमवारीच वाजला असता. तो वाजला नाही, कारण दोन मिळवायची ओळ मी काढली होती. का होती ते मला माहीत नव्हतं."

डॉक्टरांनी आकडे स्वतः पुन्हा ताडून पाहिले. मग त्यांनी फ्रिजचं दार तपासायला माणूस पाठवला. तो परत आला तो रबराची चीर दाखवतच. डॉक्टर ताईंना म्हणाले, "मी चुकलो. उद्या नेहमीच्या वेळेला या."

ताईंनी माझ्या पानावरची आपली सही बोटाने चाचपली आणि तेव्हा कुठे त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एक थेंब माझ्यावर पडला. शाई फुटली नाही. शंकाबाईंनी दुकानात रेघ मारून बघितलं होतं ते उगाच नाही.

चकाचकची नोकरी गेली नाही, पण त्याची खरडपट्टी निघाली. कप्तानाने माझी माफी मागितली नाही, माझी तशी अपेक्षाही नव्हती. त्याने लॅपटॉपसाठी लोखंडी स्टँड मागवला आणि दर दोन आठवड्यांच्या शेवटी माझ्यासाठी दहा मिनिटं राखून ठेवली. त्या संध्याकाळी चकाचकने माझं पहिलं कोरं पान उघडलं. त्यावर लिहिलं:

'काय: तीन नंबरच्या फ्रिजचे दोन अंश परत घातले. का: मी ते कारण न शोधता काढले होते. सगळ्यांना विचारलं, लॅपटॉपखाली पाहिलं नाही. केव्हा बदलायचं: पान ४८ वाचल्यावरच.'

गेल्या महिन्यात तो सेन्सर पुढे आणून बसवला. ताईंनी स्वतः उभं राहून बसवून घेतला. मग चकाचकने दोन अंश काढले आणि माझ्या अठ्ठेचाळिसाव्या पानावर आडवी लाल रेघ ओढली, शेजारी तारीख घातली. मला त्या रेघेचं दुःख नाही. ज्या पानाचं काम झालं ते असंच, सांगून सवरून निवृत्त व्हावं.

तेव्हा मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मला कव्हर घालू नका, माझी पूजा करू नका, माझी चारशे पानं तर मुळीच करू नका. भरभर काम करा, हवं ते मोडा, हवं ते बदला. फक्त एखादी गोष्ट अशी का केली हे विसरण्याआधी तीन ओळी लिहा. तुम्ही निघून गेल्यावर तुमच्या जागी कुणीतरी उभा राहणार आहे, आणि त्याच्या एका शाबासकीपायी कुठल्यातरी ताईला भर दुपारी छत्री घेऊन चालत यावं लागू नये. माझी अजून छत्तीस पानं कोरी आहेत. पेन टेबलावर आहे.