खोली गेली, खुर्ची राहिली

मी एक जुनी, घडीची लोखंडी खुर्ची आहे, मित्रांनो. माझा डावा पाय जरा आखूड आहे, त्यामुळे माझ्यावर बसणारा माणूस आपोआप नम्र होतो.

कारखान्यात माझ्याबरोबर दोनशे बहिणी जन्मल्या. विद्यापीठाच्या परीक्षेच्या दालनात आम्ही बारा वर्षं काढली. किती हुशार माणसं माझ्यावर बसून घामाघूम झाली! पुढं पाय वाकला आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून मला उचललं एका निवृत्त नर्सबाईंनी. त्यांना सगळी मुलं मावशी म्हणतात. दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत त्या सात नंबरच्या खोलीत ख्रिस्ती विद्यार्थ्यांना जमवतात. बायबल वाचायचं, एकमेकांसाठी प्रार्थना करायची आणि ज्याला घरची आठवण येते त्याला डब्यातला घास द्यायचा, एवढाच कार्यक्रम.

या मंडळींची एक रीत आहे. जितकी माणसं, त्याहून एक खुर्ची जास्त मांडायची, अजून न आलेल्यासाठी. ती खुर्ची म्हणजे मी. रिकामं राहणं हेच माझं काम. विद्यापीठात हे काम करणारे आणखीही आहेत, पण त्यांना पगार मिळतो.

एका बुधवारी भौतिकशास्त्राची चष्मेवाली उशिरा आली आणि माझ्यावर टेकली. तिनं बायबलला खाकी कव्हर घालून वर 'प्रयोगवही' असं लिहिलं होतं.

"वर्गात कळलं तर हसतात हो," ती म्हणाली. "सर तर विचारतात, देवाचं वजन किती ग्रॅम?"

"हसू दे गं," मावशी म्हणाल्या. "कुणी हसलं म्हणून अंगाला भोकं पडत नाहीत."

ती दर बुधवारी येऊ लागली. तिला स्वतःची खुर्ची मिळाली, मी पुन्हा रिकामी झाले. कव्हर मात्र निघालं नाही.

मग खोल्यांचं वाटप करणाऱ्या साहेबांनी कळवलं, की दहा डोकी नसतील तर खोली मिळणार नाही आणि बुधवारी मोजणी होईल. बुधवार उजाडला. मावशी धरून डोकी भरली नऊ.

"हिच्यावर माझं दप्तर ठेवू," गटातला वात्रट म्हणाला. "दहावा हात धुवायला गेलाय म्हणायचं!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाची तरी माझ्यावर भिस्त होती. मला लाजल्यासारखं झालं.

"थापा मारून खोली मिळवायची आणि आत बसून प्रार्थना करायची?" मावशी म्हणाल्या. "कुठल्या तोंडानं रे?"

तेवढ्यात साहेब आले. बोटानं मोजत मोजत माझ्यापाशी थांबले. "इथं कोण?"

वात्रटानं दप्तर आपल्याच मांडीवर ओढलं. मग चष्मेवाली उठली. "कुणी नाही, सर. आम्ही नऊच आहोत. ही खुर्ची अजून न आलेल्याची आहे."

"मग खोली सोडा."

"सोडतो. बुधवार सोडणार नाही."

तिनं माझी घडी घातली, मला खांद्यावर घेतलं, बायबल काखेत मारलं आणि भर गर्दीच्या व्हरांड्यातून निघाली. मागून बाकीचे आपापल्या खुर्च्या घेऊन. व्हरांड्याच्या टोकाच्या दाराशी ते वजन विचारणारे सर भेटले.

"काय, झालं का देवाचं वजन?"

"देवाचं माहीत नाही, सर. ही खुर्ची पाच किलोची आहे. जरा दार धरता?"

सरांनी दार धरलं. विज्ञानाचा इतका तातडीचा उपयोग मी तरी पाहिला नव्हता.

साहेबांच्याच खिडकीखाली, पलीकडच्या व्हरांड्यात, गोल मांडला गेला. साहेबांनी डोकं बाहेर काढलं. "इथं बसायची परवानगी आहे का?"

"उभं राहायची आहे ना?" मावशी म्हणाल्या. "तेच करणार होतो. गुडघ्यांनी परवानगी नाकारली."

खिडकी बंद झाली. मी नेहमीप्रमाणे डुगडुगत होते. चष्मेवालीनं काखेतलं बायबल काढलं, खाकी कव्हर सोडवलं, त्याच्या चार घड्या घातल्या आणि माझ्या आखूड पायाखाली सारल्या. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचू लागली.

मित्रांनो, मला रंग नको, तेल नको. तुमच्या ओळखीचं कुणी घरापासून लांब, आपली श्रद्धा कव्हरात घालून शिकत असेल, तर त्याच्यासाठी एक खुर्ची मांडा. ती रिकामी राहिली म्हणून तिची घडी घालू नका. मोजायला कुणी आलं तर खुशाल मोजू द्या.

आम्ही अजून नऊच आहोत. मी अजून रिकामीच आहे. पण आता डुगडुगत नाही.