पाठीवरचा हात

"खो!"

पाठीवर तळवा पडला आणि राजनंदिनी उठली. पण जरा उशिराच. तेवढ्यात समोरची पळणारी पोरगी खांबाला वळसा घालून निसटली, आणि सुदर्शन सरांनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला.

"राजनंदिनी, उठायचं आमंत्रण पाठवू का घरी? पत्रिका छापून?"

मुली हसल्या. तीही हसली, कारण एकटीनेच न हसणं आणखी वाईट दिसलं असतं.

राज्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती. ती वाशीमहून बिबवेवाडीच्या या क्लबात आली तेव्हा वडिलांनी एक वर्षाची मुदत दिली होती. निवड झाली तर पुण्यात राहायचं, नाही तर मुकाट्याने घरी परतायचं. वर्ष संपत आलं होतं. धावण्यात तिच्या तोडीचं क्लबात कोणी नव्हतं, पण चौकोनात बसलं की तिचं गणित चुकायचं. खो मिळायच्या आधी उठलं तर फाउल आणि मिळाल्यावर रेंगाळलं तर गडी हातचा जातो. ती रेंगाळायची.

सरांनी निदान करून टाकलं होतं. गेल्या मोसमात एका सामन्यात ती आधीच उठली होती, फाउल झाला आणि सामना गेला. पोरीने धसका घेतलाय, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? तरीपण त्यांनी तिला कोथरूडला उल्काताईंकडे पाठवलं. उल्काताई खेळाडूंच्या मनाचं बघायच्या. त्यांच्या खोलीच्या खाली दहावीचा क्लास होता, त्यामुळे डोळे मिटून शांत व्हायचं ते त्रिकोणमितीच्या साथीने.

ताईंनी तिला श्वास मोजायला शिकवलं. तो जुना फाउल मनातल्या मनात पुन्हा खेळायला लावला, या वेळी नीट उठून. त्याचा उपयोग झाला. रात्री झोप लागू लागली. मैदानावर मात्र ती पूर्वीइतकीच उशिरा उठत होती.

मग एके दिवशी उल्काताई स्वतः सराव बघायला आल्या. कडेच्या बाकावर बसून त्यांनी खेळ सोडून फक्त राजनंदिनीचा चेहरा पाहिला. पुढच्या भेटीत त्यांनी डोळे मिटायला सांगितलंच नाही.

"खो मिळतो तेव्हा तुला भीती वाटत नाही. मी पाहिलं. मग काय वाटतं?"

राजनंदिनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. खाली कोणीतरी कोसाइनवरून बोलणी खात होतं.

"बरं वाटते," ती म्हणाली.

"कशाचं?"

पुण्यात आल्यावर मुली नकला करायला लागल्या, तशी तिने आपली बोली आवरती घेतली होती. आता ती सुटली.

"दिवसभरात मले कोणी हातच नाई लावत, ताई. घरी आई वेणी घालताना धपाटा घालायची. लहान बहीण पायावर पाय टाकून झोपायची. इथं फक्त खो देतानाच…" ती थांबली. "उठलं की ते जाते."

त्यात कोणाचा दोष होता असंही नाही. मुली वाईट नव्हत्या. सराव संपला की आपापल्या स्कूटरवर बसून आपापल्या घरी जात. घरमालकीण सरोजिनीबाई भिंतीपलीकडेच राहत, पण बोलत ते मोबाइलवरून: 'गिझर बंद करणे.' वडिलांचा फोन रविवारी यायचा आणि निवडीचं विचारून संपायचा. या एवढ्या मोठ्या शहरात ती पोरगी फार एकटी होती, आणि हे विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं.

उल्काताईंसमोर आता दोन कामं होती: तिचं उठणं आणि तिचं एकटेपण. एक निवडीच्या आत होण्यासारखं होतं, दुसरं नव्हतं. त्यांनी पहिलं हातात घेतलं. कोणीही तेच केलं असतं.

"हात आणि आवाज एकदमच येतात," त्या म्हणाल्या. "यापुढे आवाज तेवढा ऐकायचा. हात लागला की नाही, ते पंच बघतील. तुझ्यापुरता तो हात नाहीच."

"नाहीच?"

"खेळ संपेपर्यंत."

मग रोज तेच. ताई रेकॉर्ड केलेला 'खो' लावायच्या, राजनंदिनी उकिडवी बसून झटकन उठायची. आधी खोलीत, मग मैदानात, मग मनात. मुळातच पोरगी गुणी; सांगितलेलं काम अर्धवट सोडणं तिला माहीत नव्हतं.

निवड चाचणीच्या संध्याकाळी सरांचा फोन आला. "मॅडम, जादू केलीत. पाठीला हात लागतो न लागतो तोच पोरगी सुटलेली असते! राज्याच्या संघात नाव आलं." सर कोणाचं कौतुक सहसा करत नसत; फोन ठेवल्यावर उल्काताईंनी आनंदाने स्वतःसाठी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी राजनंदिनी पेढे घेऊन आली. ताईंनी एक तोंडात टाकला.

"वडील काय म्हणाले?"

"राहा म्हणाले. अजून एक वर्ष."

"आणि काल, खो मिळाल्यावर कसं वाटलं?"

राजनंदिनीने मान वर केली. पेपर सोपा गेल्यावर घरी येऊन सांगावं तशा आवाजात ती म्हणाली, "काहीच नाही वाटलं, ताई. एकदासुद्धा नाही. आता सरावातही नाही वाटत. कोणी हात लावला तरी कळतसुद्धा नाही."

आणि ती शाबासकीची वाट बघत राहिली.

उल्काताईंना ती देववेना. टेबलामागून उठून त्या अलीकडे आल्या आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.

"पुढच्या आठवड्यातही ये," त्या म्हणाल्या.

"पण आता तर निवड झाली ना?"

"झाली. म्हणूनच ये."

राजनंदिनीला ते नीटसं कळलं नाही. तिने पेढ्यांच्या खोक्याचं झाकण लावलं, पिशवी खांद्याला अडकवली.

"मग निघू मी?" तिने विचारलं, पण उठली नाही. उल्काताईही जा म्हणाल्या नाहीत.