पाहुणा, तीनशे नग

४१२.

कार्डवाल्याने मोबाइल पालथा घातला. पालथा घातला म्हणून आकडे पडायचे थोडेच थांबतात? मंदी आल्यापासून सॉफ्टवेअर कंपनीचा शेअर घसरगुंडीवर बसला होता आणि कार्डवाल्याची उभ्या जन्माची पुंजी त्याच्या मांडीवर. लेक त्या कंपनीत लागली, त्या आनंदात घेतलेले शेअर. शिवाय तिथली ओळखपत्रं गेली अकरा वर्षं हाच छापायचा, घराच्या पुढच्या खोलीत.

४०३.

"विकून मोकळे व्हा," आतून बायको. "तळाला गेल्यावर काय, गाळ उपसणार?"

"लेक काय म्हणेल? बापालाच भरवसा नाही?"

"तिला कशाला सांगायला जाताय!"

३९८. तेवढ्यात कंपनीची ऑर्डर आली. त्याला हायसं वाटलं. चष्मा लावेपर्यंत.

'पाहुणा'. फोटो नको, नाव नको. तीनशे नग. सोमवारी सकाळी सातच्या आत.

पाहुण्यांची कार्डं महिन्याला वीस लागायची. एकदम तीनशे पाहुणे कुठून उगवले? त्याने कटर खाली केला, वर केला, आणि तसाच धरून ठेवला. हे बाहेरचे नव्हेतच. आतलेच. ज्यांची कार्डं सोमवारी दार उघडणार नाहीत, ते आपला डबा, स्वेटर, मुलांचे फोटो न्यायला पाहुणे म्हणून आत जाणार.

त्याने लेकीला फोन लावला.

"बाबा, मीटिंगमध्ये आहे. काही खास?"

"नाही गं. जेवलीस का?"

"अकरा वाजलेत, बाबा!"

सोमवार. ३९१. पेटी पोचवून तो मशीनपाशी येऊन बसला. नुसताच.

"अहो!" बायको मोबाइल नाचवत आली. "खर्चकपात करणार म्हणे कंपनी, आणि भाव बघा! विकू नका हं आता!"

४३०.

४४१.

फोन वाजला. लेक.

"बाबा, तुमचं कार्ड बाद निघालं. तीनदा लावलं, गेट उघडेना. मागे रांग लागलीय, सगळे हसतायत मला. म्हणतात, घरचं कार्ड आणि हे हाल!"

"यंत्र जुनं झालंय गं," तो म्हणाला. "माझीच चूक असेल. तू बाजूला थांब. मी येतो."

"कशाला? इथे पाहुण्यांची कार्डं आहेत पेटीभर. गेटवाले काका म्हणतायत, तात्पुरतं एक घे."

"घेऊ नकोस."

"का?"

"अहो," बायको त्याच्या कानाशी ओरडली, "चारशे छप्पन्न!"

"बाबा? का?"