कोणत्या पुस्तकातली?

"ही सिंह आणि मासोळीची चिठ्ठी कोणत्या पुस्तकातली?" परव्हिससाहेबांनी विचारलं.

डॉक्टर गिलख्रिस्ट माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्या दवाखान्यातली कंपाउंडर, सव्वीस वर्षांची जुनी. गावातल्या प्रत्येकाचं औषध मला तोंडपाठ, पण हे काही सांगता येईना.

"पुस्तक रद्दीत गेलं," मी म्हणाले.

साहेब एडिंबरोच्या एका वैद्यकीय ग्रंथालयातून आले होते. डॉक्टरांचं हृदय थकलं होतं. येता वसंत ऋतू काही आपण बघत नाही, हे त्यांनीच मला शांतपणे सांगितलं होतं. बायको नाही, मूल नाही. मागे राहणार ते अकरा आल्बम. ते ग्रंथालयानं ठेवून घ्यावेत, एवढी एकच इच्छा.

आल्बमांत नुसत्या चिठ्ठ्या. मोठ्या घरचे लोक पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवतात त्या, वर घराण्याचं कुलचिन्ह, खाली मालकाचं नाव. आमच्या पीबल्स गावाच्या आसपास अशी घराणी पुष्कळ. डॉक्टर तपासायला गेले, की रोग्याच्या तोंडात थर्मामीटर आणि यांचं डोकं पुस्तकांच्या कपाटात! कुणी गेलं, की वारस जुनी पुस्तकं खोक्यांनी यांच्याकडे पाठवून द्यायचे. त्यात एखाद्या जुन्या डॉक्टरची चिठ्ठी निघाली, की स्वारी जेवण विसरायची.

शनिवारी दुपारी दवाखाना बंद झाला, की मी पुठ्ठ्यावर ओला टीपकागद ठेवायचे. खळ सुटली, की पातळ सुरीनं चिठ्ठी अलगद उचलायची. माझ्या हातून एकही फाटली नाही. मला त्याचा फार गर्व होता. उरलेली पुस्तकं रद्दीवाला घेऊन जायचा.

"या सिंह-मासोळीवाल्या डॉक्टर पॅटुलोंच्या वीस चिठ्ठ्या आहेत," साहेब म्हणाले. "देवीच्या साथीत एकट्यानं हा सगळा मुलूख सांभाळला यांनी. काय वाचत होते, समासात काय लिहीत होते, ते कळलं असतं तर..."

"लिहिलं होतं की," मी बोलून गेले. "पेन्सिलीनं, पानोपानी."

साहेबांनी डोळे मिटून घेतले.

"आम्हाला पुस्तक लागतं हो, डॉक्टर. नुसत्या चिठ्ठ्या आमच्याकडे ढिगानं पडल्यात. माफ करा."

"म्हणजे मी माणूस पुरला आणि टोपी जपून ठेवली," डॉक्टर हसले. हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली.

साहेब चहा न घेताच गेले. मी आल्बम कपाटात ठेवू लागले. सगळं त्यांच्या सांगण्यावरून झालं, पण सुरी माझ्या हातात होती.

"हॅडोबाई," डॉक्टर म्हणाले, "पहिल्याच वर्षी तुम्ही म्हणाला होतात, चिठ्ठीच्या मागे पुस्तकाचं नाव लिहून ठेवू या. शाई पुढे उमटेल म्हणून मी तुमच्यावर डाफरलो होतो. हो ना?"

म्हणाले होते. मी दोनदा म्हणाले होते, आणि दुसऱ्यांदा डोळ्यांत पाणी येईपर्यंत बोलणी खाल्ली होती.

"छे हो! मला कुठलं एवढं सुचायला?"

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, बाई."

"नाही म्हटलं ना मी!"

त्यांनी माझं मनगट धरलं, रोग्याचं धरतात तसं, पण घड्याळाकडे बघितलं नाही.