पंचफुलाबाईच्या नावाने

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. माझी काच डाव्या कोपऱ्यात तडकली आहे आणि सकाळी भरलेली बॅटरी दुपारीच संपते. अशा मोबाईलला लोक फेकून देतात, पण मला ठेवले आहे. अकरा महिने मी एका मेलेल्या बाईच्या नावाने रोज सकाळी फुले पाठवली, त्याची ही गोष्ट आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथला पांढरा उजेड तेवढा आठवतो. मग सीताबर्डीच्या एका दुकानात मी काचेखाली पडून राहिलो. सात वर्षांपूर्वी जितेंद्र नावाच्या माणसाने मला आपल्या आईसाठी विकत घेतले. तो पुण्याला नोकरीला होता. आई पंचफुलाबाई आणि वडील नत्थूजी सक्करदऱ्याला दोन खोल्यांत राहत.

पंचफुलाबाईंना अक्षर येत नव्हते. पहिल्या दिवशी त्यांनी हात पदराला तीनदा पुसले. "बोटाले हळद हाय माह्या. याले लागली तर बिघडंल काय?" असे त्या मुलाला विचारत होत्या. आठ दिवसांत मी त्यांचा लाडका झालो. परदेशातला एक माणूस गाईंचे खूर तासतो, ते त्या टक लावून पाहत. माहेरी त्यांच्याकडे चार बैल होते. खुरात रुतलेला खडा निघाला की त्या स्वतःच सुस्कारा सोडत.

सकाळी साडेपाचला त्या सगळ्या नातेवाइकांना फुलाचे चित्र पाठवत. एकदा त्यांनी झेंडूचा हार आणि समई असलेले सुंदर चित्र पाठवले. खाली लिहिले होते, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. अर्ध्या तासात नऊ फोन आले. नत्थूजी हसून हसून खोकले. "काहून वं, सकाळी सकाळी कोणाले मारलं?" त्या दिवसापासून पंचफुलाबाईंनी अक्षर असलेले चित्र कधीच पाठवले नाही. नुसते फूल, पान किंवा पाखरू.

संध्याकाळी त्या धाकट्या बहिणीसाठी, भीमाबाईंसाठी, आवाज भरून ठेवत. भीमाबाई उमरेडजवळच्या एका गावी राहतात. काय रांधले, कंबर कशी दुखते, शेजारीण काय म्हणाली, सगळे त्या माझ्याजवळ सांगत आणि मी ते पोचवत असे.

आता नत्थूजींबद्दल सांगतो. त्यांनी तीस वर्षे कळमन्याच्या बाजारात पोती वाहिली. अक्षरे ते छप्पन्नाव्या वर्षी शिकले, संध्याकाळच्या वर्गात. वाचायला त्यांना सापडली ती टीव्हीवरच्या बातम्यांची खालची पट्टी. ती पळायची आणि ते एकेक अक्षर जोडत तिच्या मागे धावायचे. मोठ्याने वाचायचे. मध्ये कोणी बोलले की शब्द हातचा जायचा. म्हणून पंचफुलाबाई काही बोलल्या की ते म्हणत, "चूप बस ना वं, पट्टी पळते."

मागच्या वर्षी पंचफुलाबाई तीन दिवसांच्या तापाने गेल्या. तेव्हा भीमाबाईंच्या छातीचे ऑपरेशन होऊन पंधराच दिवस झाले होते. जितेंद्र म्हणाला, "मावशीले आता सांगू नका. धक्का बसंल." मावशीला कळवले गेले की ताईच्या गळ्याचे ऑपरेशन झाले आहे आणि डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे. फक्त रोजचे फूल जात राहायला हवे होते. ते काम नत्थूजींवर आणि माझ्यावर आले.

नत्थूजी फूल निवडत, त्याखालचा सुविचार दोनदा वाचत, मग पाठवत. भीमाबाईंकडून रोज जोडलेले हात येत.

मित्रांनो, माणूस गेले हे मला कळत नाही. मी सवयीने चालतो. पंचफुलाबाई जाऊन महिने झाले तरी मी रोज त्यांच्यासाठी गाईच्या खुरांचे नवे व्हिडिओ काढून ठेवत होतो. पडदा उजळला की नत्थूजी दचकत. "तुही मालकीण गेली गा," ते मला म्हणत. "कोणाले दाखवून राहिला?" दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेच करत असे.

एका दुपारी त्यांचे बोट चुकून बायकोच्या जुन्या भरलेल्या आवाजावर पडले. "भीमे, आज मेथी केली व," पंचफुलाबाई बोलू लागल्या. नत्थूजी उभे होते ते खाली बसले. त्या आवाजामागे बातम्या सांगणारा ओरडत होता. आणि त्याच्याही मागून आले, "चूप बस ना वं, पट्टी पळते." पंचफुलाबाई थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मंग सांगतो तुले."

त्यांनी दुसरा लावला. तिसरा लावला. सहा वर्षांचे आवाज माझ्यात होते. नत्थूजी बायकोला शोधत होते आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना ते स्वतःच भेटत होते.

आठवडाभर ते नीट जेवले नाहीत. मग त्यांनी जितेंद्रला फोन लावला. "मी भीमाकडे जाऊन राहिलो. सांगून टाकतो."

"बाबा, मावशीले काही झालं तर?"

"जित्ती होती तवा मी तुह्या मायले बोलू देलं नाही. आता मेल्यावर तिच्या नावानं मीच बोलून राहिलो. माह्याच्यानं होत नाही आता. भीमाले काही झालं, तर मी तथीच असन."

बसमध्ये त्यांनी मला दोन्ही हातांत धरले होते.

भीमाबाई अंगणात खाटेवर बसून लाल मिरच्यांची देठे खुडत होत्या. नत्थूजी समोर बसले. घसा खाकरला. पुन्हा खाकरला.

"एकटेच आले, भाऊजी."

"हाव."

"चहा मांडाले सांगू?"

"भीमे, थे तुह्या ताईचं..."

"राहू द्या," भीमाबाई म्हणाल्या. "मले मालूम हाय."

"कोणं सांगितलं?"

"तुमच्या फुलायनं. ताई कधी अक्षरवालं फूल पाठवे काय? मी शेजारच्या पोरीजवळून वाचून घेतलं. 'संयम हीच खरी संपत्ती.' मी म्हटलं, हे तर भाऊजी होत. ऑपरेशन गळ्याचं झालं, बोटायचं तर नाही. मंग ताई कुठं गेली?"

"मंग बोलली काहून नाही?"

"बोलली असती तर फूल बंद झालं असतं." त्यांनी एक देठ खुडले. "अकरा महिने मी कोणाजवळ रडली नाही, भाऊजी. सारे माह्या छातीले जपून राहिले."

भीमाबाईंनी सूप बाजूला सारले, मिरचीचे हात लुगड्याला पुसले आणि माझ्याकडे बोट केले.

"तिचा आवाज लावा. माह्या मोबाईलमधला सारा उडून गेला."

नत्थूजींनी मला घट्ट धरले. "त्याच्यात मी बी हाओ, भीमे."

"मालूम हाय. माह्याचकडे तर येत होते ते."

"राग आला असंल."

"येत होता. अजून बी हाय," भीमाबाई म्हणाल्या. "लावा."

त्यांनी लावला. पंचफुलाबाई मेथीबद्दल बोलल्या. मागून नत्थूजींचा आवाज आला तेव्हा नत्थूजींनी मान खाली घातली. भीमाबाईंनी पुढचा लावायला सांगितला, मग त्याच्या पुढचा. चौथ्या आवाजाला त्यांना रडू फुटले. शेजारच्या बाया धावत आल्या. कोणीतरी पाणी आणले, कोणी पाठीवर हात ठेवला. नत्थूजीही तिथेच, सगळ्यांदेखत रडले. भीमाबाईंच्या छातीला काही झाले नाही.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. घरातले कोणी गेले तर ते लपवायचे काम आमच्यावर टाकू नका. जवळ जाऊन बसा आणि सांगा. दुसरे असे, की तुम्ही काय पाहता आणि काय वाचता, ते आमच्यात राहते. ते पाहताना तुम्ही कोणाला गप्प बसवले, तेही राहते. ते पुसून टाकायची सोय माझ्यात आहे. नत्थूजींना ती ठाऊक आहे. त्यांनी अजून तिला हात लावलेला नाही.