खंडेनवमीचा गंज

वेदिका गांगुर्डेच्या तळहातांना लहानपणापासून घाम यायचा. उन्हाळ्यात यायचा, थंडीत यायचा, पंख्याखाली बसल्यावरही यायचा. घाबरली की धारा लागायच्या, आणि धारा लागल्या म्हणून ती आणखी घाबरायची. आई तिला तुरटीच्या पाण्यात हात बुडवून बसवायची आणि घरी पाहुणे आले की हात ओढणीखाली घे म्हणून डोळ्यांनी खुणवायची. तंत्रनिकेतनात असताना मनगटाखाली वर्तमानपत्राची घडी ठेवल्याशिवाय तिला ड्रॉइंगच्या कागदावर एक रेघ ओढता आली नाही. तरीही ती पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, रायते साहेबांच्या टूलरूममध्ये तपासणीच्या कामावर रुजू झाली.

टूलरूम म्हणजे इतर कारखान्यांना लागणारे साचे आणि मापे ताडून पाहायचे गेज घडवण्याची जागा. तिथले पोलाद घासून घासून आरशासारखे केलेले असते आणि त्या आरशाचा एकच वैरी असतो, तो म्हणजे गंज. ओल्या बोटाचा ठसा उमटला आणि पुसून तेल लावायचे राहिले, तर माणसाच्या घामातले मीठ आपले काम चोख करते. अशा ठिकाणी वेदिकेचे हात घेऊन जाणे म्हणजे रोज परीक्षेला बसण्यासारखे होते.

परीक्षक होता फोरमन मनोज धात्रक. हाताचा कसबी आणि जिभेचा त्याहून कसबी. त्याने पहिल्याच आठवड्यात तिचे बारसे केले. रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले, यावरून नाशिककर गोदावरीचा पूर मोजतात. मनोजभाऊ वेदिकेला 'गोदामाई' म्हणू लागला आणि ती आत आली की सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारू लागला, "काय गोदामाई, आज दुतोंड्याच्या कमरेपर्यंत का छातीपर्यंत?" माणसे हसायची. रोज तीच गंमत, रोज तेच हसू. तीही ओठ ताणून हसायची आणि हात ॲप्रनच्या खिशात घालायची. खिसे ओले व्हायचे.

हे सगळे तिने गिळले असते. गेल्या वर्षीची खंडेनवमी मात्र तिला गिळता आली नाही.

खंडेनवमीला टूलरूममध्ये यंत्रे थांबतात. लाल कापड अंथरून त्यावर हत्यारे आणि गेज मांडतात, हळद-कुंकू वाहतात, झेंडूचे हार घालतात. जो तो पुढे होऊन आपल्या हत्याराला हात लावून नमस्कार करतो. वेदिकाही पुढे झाली. ज्या गेजवर ती वर्षभर मापे घेत होती, त्यावर तिने फूल ठेवले आणि बोटे टेकवली. मनोजभाऊने सगळ्यांदेखत तिचे मनगट धरून हात बाजूला केला, खिशातली चिंधी काढली आणि तिची बोटे टेकली होती तेवढी जागा घासून पुसली.

"तू लांबूनच नमस्कार करत जा," तो म्हणाला. "तुझा हात लागला तर देवालासुद्धा गंज चढेल."

त्या दिवशी हशा जरा जास्तच झाला, कारण प्रसादाचे पेढे वाटले जात होते आणि सगळे मोकळे होते. वेदिकेने पेढा घेतला. तो तिच्या तळहातावर विरघळला. बसने घरी जाताना तिने ठरवले, की या माणसाला याच माणसांसमोर, याच दिवसांत, हात पुढे करायला लावायचे. पुढचे सारे वर्ष तिने हा निश्चय कोणाला सांगितला नाही आणि एक दिवसही विसरला नाही.

सूड घ्यायचा तर आधी लपणे सोडायला हवे, एवढे तिला कळले होते. खिशात हात घालून फिरणाऱ्या माणसाचे म्हणणे कोणी ऐकत नाही. ती नाशिक रोडच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेली. बाईंनी हात पाहिले आणि समजावून सांगितले, की हा दोष ना स्वच्छतेचा आहे, ना स्वभावाचा. घामाच्या ग्रंथींना मज्जातंतूंकडून गरजेपेक्षा जास्त निरोप जातात, एवढेच. रात्री लावायचे औषध दिले. त्याने धारा कमी होतील, पण हात कोरडे ठणठणीत होतील अशी आशा ठेवू नको, असेही सांगितले. असे स्वच्छ बोललेले वेदिकेला आवडले.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या खांद्यावर पांढरा टॉवेल आला. टेबलावर सुती हातमोजे, पुसायचे कापड आणि गंजरोधक तेलाची बाटली सर्वांना दिसेल अशी उभी राहिली. मोजमाप घेताना ती हातमोजे घाली. हातमोजे ओले झाले की बदली, आणि गेज जागेवर ठेवण्यापूर्वी पुसून त्यावर तेलाचा हात फिरवी. नवीन कोणी कामाला आला की तीच आधी सांगे, माझ्या हातांना घाम येतो, आजार नाही, लागण होत नाही, काही विचारायचे असेल तर आत्ता विचारा. मनोजभाऊने गोदामाई म्हणून हाक मारली की ती मान वर करून शांतपणे "बोला" म्हणे. त्या एका शब्दाने गमतीतली हवा जाऊ लागली. आणि सबंध वर्षात तिच्या हाताखालून गेलेल्या एकाही कामावर गंजाचा ठिपका उमटला नाही.

इकडे मनोजभाऊचे दिवस भरभराटीचे होते. एका मोठ्या ग्राहकासाठी मास्टर गेज घडवायचे काम आले होते. ज्यावरून बाकीचे सगळे गेज तपासायचे, तो पोलादी ठोकळा. रायते साहेबांनी ते काम मनोजभाऊकडे सोपवले आणि ग्राहकाने ते पसंत केले तर टूलरूमचा सगळा कारभार त्याच्या हाती देऊ, असे बोलून दाखवले. मनोजभाऊने जीव ओतला. ठोकळा असा उतरला, की वेदिकेने मापे घेतली तेव्हा तिलाही मनातल्या मनात दाद द्यावी लागली. ग्राहकाचा माणूस दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार होता.

यंदाची खंडेनवमी दमट उजाडली. परतीचा पाऊस रेंगाळला होता आणि शेडच्या पत्र्याखाली श्वाससुद्धा ओला वाटत होता. लाल कापडाच्या मधोमध मनोजभाऊने आपला मास्टर मांडला. तेलामुळे चकाकी मारली जाते म्हणून त्याने तो आधी स्पिरिटने धुवून कोरडा केला. मग फोटोसाठी दोन्ही हातांच्या पंज्यांत धरून छातीपाशी उचलला. उकाडा, गर्दी, अभिमान. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. फोटो एकाला पसंत पडला नाही म्हणून पुन्हा उचलला. ठेवल्यावर ओल्या कुंकवाचे बोट ओढले.

वेदिका कापडापासून दूर, सांगितले होते तशी लांब उभी होती. तिने ते पंजे पाहिले. घाम आणि पोलाद यांच्याविषयी त्या शेडमध्ये तिच्याइतका विचार कोणी केला नव्हता. करायची गरजच कोणाला पडली नव्हती. दोन दिवस बंद शेड, अशी हवा आणि उघडे पोलाद. काय होणार ते तिला लख्ख दिसले. आतून कोणीतरी म्हणाले, सांग. काम चांगले आहे, कामाने तुझे काय बिघडवले आहे? ती ते ऐकत उभी राहिली आणि तिला आठवली ती खिशातली चिंधी.

आरती झाल्यावर केरूनाना तिच्याजवळ आले. केरूनाना टूलरूममधले सर्वांत जुने कारागीर. त्यांनी हळूच विचारले, की मास्टरला तेलाचा हात मारून ठेवायचा का. तिच्या टेबलावर बाटली होतीच.

"नाना, मला त्याच्या जवळ जायची मनाई आहे," वेदिका म्हणाली. "भाऊंनाच विचारा."

नानांनी विचारले. मनोजभाऊने कपाळाला आठ्या घातल्या. पूजेला बसलेल्या हत्याराला दसरा उलटेपर्यंत हात लावायचा नाही, ही त्या शेडची रीत होती. "नाना, वाहिलेलं कुंकू कोणी पुसतं का? आणि इथं तेलाची गरज एकाच हाताला आहे, तो लांब ठेवलाय मी." वेदिकेकडे बघून तो हसला. तीही हसली, आणि या वेळी तिला ओठ ताणावे लागले नाहीत.

दसऱ्याला तिने आपट्याची पाने वाटली, पुरणपोळी खाल्ली, आणि आईला नवल वाटेल इतकी शांत झोप घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडले. मनोजभाऊने हार काढला आणि तो तसाच हातात धरून उभा राहिला. मास्टरच्या दोन्ही बाजूंवर तांबूस पंजे उमटले होते. एकेक बोट, बोटाचे एकेक पेर ओळखू येत होते. कुंकवाखाली गंजाने खळगा धरला होता. पंज्याचा डाग एक वेळ घासून निघेल. खळगा घासायचा तर माप जाणार.

सगळे जमले. रायते साहेब केबिनमधून आले. मनोजभाऊचा चेहरा उतरला होता, पण जीभ शाबूत होती. हे हिचेच हात, तो म्हणाला. माझी पाठ वळल्यावर हिने मुद्दाम लावले, गेल्या वर्षी बोललो त्याचा डूख धरला आहे. डूख धरल्याचे खरे होते, म्हणून वेदिकेला ते ऐकताना गंमत वाटली. साहेबांनी तिच्याकडे पाहिले. पाठोपाठ सगळ्यांनी तिच्या हातांकडे पाहिले. हात निथळत होते. तिने ते पुसले नाहीत.

"साहेब, माप घेते," ती म्हणाली.

ती लाल कापडापाशी गेली. पूजेतल्या हत्याराला यंदा तिचा हात प्रथमच लागत होता. तिने आपला पंजा गंजाच्या पंज्यावर, बोटावर बोट येईल असा टेकवला. तिची बोटे संपली तिथून पुढे प्रत्येक गंजलेले बोट पेरभर बाहेर उरले. तिने हात तसाच ठेवला. सगळ्यांचे पाहून होईपर्यंत ठेवला. मग उचलला, आपला ओला ठसा कापडाने पुसला, त्यावर तेल फिरवले आणि बाजूला झाली.

"आता ज्यांनी फोटोसाठी उचलला, त्यांनी लावून बघावा."

मनोजभाऊ म्हणाला, की हा पोरखेळ आहे. तो म्हणाला, ग्राहक यायची वेळ झाली आहे. तो आणखीही काही म्हणाला. साहेबांनी नुसते ठोकळ्याकडे बोट दाखवले. शेवटी मनोज धात्रकने हात पुढे केला. तो घामाने भिजला होता, हे पुढे उभ्या असलेल्यांनाच नव्हे, तर मागे टाचा उंचावून बघणाऱ्यांनाही दिसले. पंजा पंज्यावर बसला. इतका चपखल, की मागे कोणाला तरी हसू आवरले नाही. तेच हसू, जे इतके दिवस दुसरीकडे जात होते.

साहेबांनी नंतर वेदिकेला केबिनमध्ये बोलावले. गंज चढणार हे तुला नवमीला कळले होते का, असे त्यांनी सरळ विचारले. नाही म्हणणे सोपे होते. पण चोरून घेतलेल्या सुडात तिला गोडी नव्हती.

"कळलं होतं, साहेब. माझ्या हातानं गंजतं हे मला माहीत आहे, म्हणून मी पुसते. स्वतःच्याही हातानं गंजतं हे भाऊंना माहीत नव्हतं."

ग्राहकापुढे मान खाली घालावी लागणार होती ती त्यांची, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावर दिसले, आणि तेवढ्यापुरते तिला वाईट वाटले. यापुढे कोणी अडवले तरी बोलायचे, असे त्यांनी बजावले. ती "बोलेन" म्हणाली, आणि दारापाशी थांबून, त्यांचा गैरसमज राहू नये म्हणून, पुढे म्हणाली, "या वेळी बोलायचं नव्हतं."

मास्टर नव्याने घडवायचा ठरला. कारभाराची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. साहेबांनी एकच नियम केला, की यापुढे प्रत्येकाने, फोरमननेही, हातमोजे घालायचे आणि तेल लावून वेदिकेला दाखवल्याशिवाय काम जागेवर ठेवायचे नाही.

त्याच आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, माणसे डबे उघडून बसली असताना मनोजभाऊ तिच्या टेबलापाशी आला. तो अंग चोरून उभा होता आणि त्याचे दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात होते. मान खाली घालून त्याने पुटपुटत विचारले, की ते औषध कोणते, आणि डॉक्टरीण कुठे बसते. माझेही हात हल्ली फार भिजतात, असेही तो बोलल्यासारखे वाटले.

वेदिकेने पोळीचा घास संपवला. ओला हात टॉवेलला सावकाश पुसला.

"जरा मोठ्यानं विचारा, भाऊ," ती म्हणाली. "कॉम्प्रेसरच्या आवाजात ऐकू आलं नाही."

कॉम्प्रेसर सुट्टीसाठी बंद केलेला होता. शेडमध्ये डब्याच्या झाकणांचासुद्धा आवाज होत नव्हता. मनोज धात्रकने एकदा मागे बघितले, आणि मोठ्याने विचारले.