फिटरची फुंकर

शिवणखात्यातली सगळी यंत्रं थांबली होती. आम्ही जिला धाकटी म्हणतो ती पोर दोन यंत्रांच्या मधे पडून झटके खात होती आणि आम्ही हात आवरून भोवती उभे होतो. बिघडल्या यंत्राला फिटर येईपर्यंत कुणी बोट लावायचं नाही, हा आमच्या कारखान्याचा नियम. तोच आम्ही त्या पोरीलाही लावला.

फिटर सावकाश आला. चष्मा पुसला, बाह्या दुमडल्या, सगळ्यांना डोळे मिटायला लावले. मग यंत्रातली धूळ उडवावी तशी तिच्या कपाळावर फुंकर मारली. आम्ही डोळे उघडले तेव्हा झटके थांबले होते. बायकांनी हात जोडले. मी काजं-बटणं करते; मीही जोडले.

"हवेतून आलेलं दुखणं हवेनंच जायचं," फिटर म्हणाला. "वर गोळ्या खाल तर माझी फुंकर लागायची नाही. आणि घरात रोग ज्यानं आणला त्यानं मान खाली घालावी."

मान खाली घातली तिच्या दादानं. तो कापड बेततो. कोरोनात ताप लपवून तो कामावर येत राहिला. त्याच्या पाठोपाठ धाकटी अंथरुणाला खिळली, आणि बरी झाल्यावर तिला फिट येऊ लागल्या. फिटरचं ऐकून त्यानंच तिच्या फिटवरच्या गोळ्या बंद केल्या.

पुढची फिट थांबेचना. फिटर फुंकून फुंकून लालबुंद झाला. भावाचं पापच जड आहे, म्हणाला. दादानं त्याला बाजूला सारलं आणि बहिणीला उचलून गाडीत घातलं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं.

दवाखान्यात इंजेक्शननं फिट थांबली. आम्ही फिटरबद्दल सांगितलं, तेव्हा फुंकर मारायच्या आधी तो काय काय करतो, हे डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं. मी चष्म्यापासून सगळं सांगितलं.

"आजी, बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपल्या आपण थांबते. त्याचा चष्मा पुसून होईतो ती ओसरत येते. तुमचे डोळे मिटलेले, मग ते दिसणार कुणाला? आज गोळ्या पोटात नव्हत्या, म्हणून लांबली."

दादा भिंतीकडे बघत म्हणाला, "पण रोग मीच आणला ना?"

"आणला असशील," बाई म्हणाल्या. "ताप लपवायला नको होतास. पण हा विषाणू काही थोड्यांच्याच मेंदूला त्रास देतो, तो कुणाच्या पापानं नाही. आता तिची गोळी चुकवू नकोस."

धाकटीनं डोळे उघडले. "दादा, रडत काय बसलास, पाणी दे," ती पुटपुटली.

वाचणाऱ्यांनो, कुणाला फिट आली तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर तडक दवाखाना गाठा. आणि तुमच्या अपराधावर बोट ठेवून औषध बंद करायला सांगणारा कुणी आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.